बार्लीच्या चहाची बाटली

तोंगयोंग, २ ऑक्टोबर २०२४

क्योंगिम,

तुझा फोन लागत नाही. तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस हे मला काल कळलं, तेही शेजारणीनं समजावून सांगितल्यावर. पंधरा दिवस मी समजत होते की चिन्जूला रेंज नाही. मग दुकानाच्या नंबरवर लावला. तुझ्या नवऱ्यानं उचलला. "ताई, ती बोलणार नाही म्हणते," म्हणाला. "पत्र टाकून बघा. पत्र ती फेकायची नाही." मग गिऱ्हाईक आलंय म्हणून त्यानं फोन ठेवला. गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. आलं असतं तर दाराची घंटा ऐकू आली असती.

म्हणून हे पत्र. सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे.

तुझ्या मनगटाचं प्लास्टर अजून महिनाभर राहणार असं तो म्हणाला. उजवा हात. तुझ्या पिशव्यांवरच्या त्या एकाशेजारी एक सरळ शिवणी डाव्या हातानं यायच्या नाहीत, एवढं मलाही कळतं. ऐन हंगामात दुकानाचं काम थांबलं. वाईट वाटतं. आधी हे लिहिलं, कारण पुढचं वाचून तू म्हणशील की मला वाईट वाटलेलं नाही.

त्या दिवशी गाडी चालवताना मला चक्कर आली. वजनाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला येते. जठर अंड्याएवढं शिवलेलं, आतडं थेट वर जोडलेलं, त्यात सकाळीच चुसोकच्या सणाच्या, तिळाच्या दोन करंज्या खाल्लेल्या. गोड झेपत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडी शिंपल्यांच्या ढिगावर चढली ते नशीब, पलीकडे समुद्र होता.

पोलिसाच्या यंत्रानं काय आकडा दाखवला ते राहू दे. तू गाडीत बसण्याआधी विचारलंस, "ताई, घेतली आहेस का?" मी म्हटलं, "नाही." ते खोटं नव्हतं. पितरांपुढचा पेला आपल्या घरात कधी कुणी दारूत धरला आहे? उदबत्तीवरून तीनदा फिरवलेला, आईबाबांनी आधी घेतलेला. काका तुझ्यासमोरच म्हणाले ना, "अगं, ओठ लावून काय ठेवतेस? ही दारू नाही, आशीर्वाद आहे. पुरा पी, नाहीतर थोरल्यांचा अपमान." तो पोलीसही कुणाच्या तरी पोटचा असेल. त्याला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "बाई, यंत्राला पितर कळत नाहीत."

लायसन्स गेलं. ते जाऊ दे. पण इस्पितळात तू म्हणालीस की आईचं श्राद्ध एप्रिलपासून तुझ्याकडे होणार. रागात म्हणालीस असं मी धरते. मुलगा नसलेल्या घरात श्राद्ध थोरलीनं करायचं हे आईनंच ठरवलं होतं. चौरंग माझ्याकडे आहे, पितळी पेले माझ्याकडे आहेत, मी घासते. मला नवरा नाही, पोर नाही. हे एवढं आहे.

ताई

* * *

तोंगयोंग, १९ ऑक्टोबर २०२४

क्योंगिम,

उत्तर नाही. ठीक आहे, हात प्लास्टरमध्ये आहे असं मी म्हणते.

हंगाम सुरू झाला. पहाटेपासून शेडवर उभी असते. यंदा गुडघे दुखत नाहीत, हे मात्र मानायला हवं. एकशे अठरा किलो घेऊन दहा तास शिंपले फोडायचे आणि एकाहत्तर किलो घेऊन फोडायचे, यात फरक आहे. तुझं ऐकून ऑपरेशन केलं ते बरं केलं. बाया अजून मला पिंपबाईच म्हणतात. माल-जा मावशी परवा म्हणाली, "पिंप गेलं गं, नुसत्या कड्या राहिल्या." तिला सत्तर वर्षं झाली, पण जीभ सुरीपेक्षा जलद चालते.

एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. पेला एक नव्हता. एक बाबांचा, एक आईचा. दोघांपुढचे पेले उतरवले तर दोन्ही कुणीतरी प्यायलाच हवेत. काकांना डॉक्टरनं बंद केली आहे, तू घेत नाहीस, मग उरलं कोण? नेहमी मीच संपवते. तुलाही ते माहीत आहे. लहानपणापासून तुझ्या वाटणीचा पेला मीच पीत आले, आणि तेव्हा तुला त्याचं काही वाटलं नव्हतं.

दोन पेले म्हणजे काय? ऑपरेशनच्या आधी मी जर्मनच्या दोन किटल्या तांदळाची दारू पिऊन सरळ रेषेत घरी जायचे. शेडच्या मालकीणबाईंनी सुपरवायझरशी पैज लावली होती माझ्यावर, आणि त्या जिंकल्या होत्या. जाड बाईला कुणी नाचायला बोलावत नाही, गायला बोलावत नाही, पण प्यायला बोलावतात. तेवढा एक मान होता.

आता काम सुटल्यावर अर्धी वाटी घेते, अंग गरम राहायला. पाण्यात हात घालून दिवस जातो. सगळ्याच घेतात. अर्ध्या वाटीतच माझे कान तापतात आणि बाया हसतात. म्हणतात, हिला आता वास दिला तरी पुरे.

तेवढंच. बाकी ठीक.

ताई

* * *

तोंगयोंग, ३० नोव्हेंबर २०२४

क्योंगिम,

सुरी लागली. डाव्या तळहातात, अंगठ्याखाली. सात टाके पडले. हातमोजा ओला होता, घसरला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

मालकीणबाई आल्या, रक्त बघितलं, मग माझ्या तोंडाजवळ वाकल्या. म्हणाल्या, "मी वास घेऊ, की तू स्वतः सांगतेस?" सकाळचे साडेदहा वाजले होते. मी म्हटलं, कालची असेल. त्या म्हणाल्या, "कालची एवढी ताजी नसते, क्योंगसुक." आणि माझी सुरी घेऊन गेल्या. लाकडी मुठीची, माझ्या हाताचा आकार बसलेली सुरी. आता मला शिंपले दोरीत ओवायला बसवलं आहे. ते नवीन बायांचं काम. माल-जा मावशी माझ्याकडे बघून एक शब्द बोलली नाही, आणि ती गप्प बसली म्हणजे गोष्ट गंभीर आहे.

टाके घालणारा डॉक्टर तरुण होता. आधी कसलं ऑपरेशन झालंय का म्हणून विचारलं, मी सांगितलं. मग त्यानं सुई बाजूला ठेवली. म्हणाला, "आधी तुमचं जठर दारू थोडा वेळ धरून ठेवायचं. आता धरायला काही नाही. घोट गिळला की सरळ आतड्यात, तिथून रक्तात. तुमची पूर्वीची एक वाटी आता दोन-तीन वाट्यांसारखी चढते, लवकर चढते आणि उतरायला वेळ लावते. तुम्हाला उतरली असं वाटतं तेव्हा उतरलेली नसते." मी म्हटलं, "मला पूर्वी दोन किटल्या पचायच्या." तो म्हणाला, "ते पोट आता तुमच्याकडे नाही, बाई."

त्यानं विचारलं, रोज घेता का. मी नाही म्हटलं.

जखम भरते आहे. आता आपल्या दोघींचा एकेक हात बांधलेला आहे. आई असती तर म्हणाली असती, दोघींत मिळून एक धड बाई झाली. तुझं प्लास्टर निघालं का? एवढं तरी कळव. कार्डावर हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल.

ताई

* * *

तोंगयोंग, १२ जानेवारी २०२५

क्योंगिम,

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं. घडी घातलेला एक कागद होता, पुसानच्या इस्पितळाचा, ऑपरेशननंतर काय करावं आणि काय करू नये तो. शेवटच्या ओळीखाली तू पेन्सिलीनं रेघ मारली आहेस. रेघ वाकडी आहे. त्यावरून कळलं की प्लास्टर निघालं आणि हात अजून बरा नाही.

ही ओळ तू बसमध्ये मला मोठ्यानं वाचून दाखवली होतीस. वर्षभर दारूला शिवू नये, त्यानंतरही जपून, कारण पूर्वी न पिणाऱ्यांनाही दुसऱ्या वर्षापासून पिण्याची सवय जडलेली दिसते. मी हसले होते. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागे वळून पाहिलं. मी म्हटलं होतं, "मी काय आजची पिते? मला कसली सवय जडते?" माझ्याकडचा कागद मी सुक्या मासळीखाली घातला. तू तुझा जपून ठेवलास.

आता सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत सांगते.

पहिलं वर्ष काही नाही. खरंच काही नाही. मग गेल्या मे महिन्यात हंगाम संपला, शेड बंद झाली. ज्या बाईची संध्याकाळ खाण्यात जायची तिची संध्याकाळ कशात जावी? तुला आठवतं, मी टीव्हीपुढे नूडल्सचं पातेलं घेऊन बसायचे, मग भात, मग तू पाठवलेल्या रताळ्यांची पिशवी. आता चार चमचे झाले की पोट बंद. टीव्ही तोच, खुर्ची तीच, हात मांडीवर रिकामे. लोक विचारतात किती किलो गेले. त्या खुर्चीत काय उरलं हे कुणी विचारत नाही.

हंगाम संपल्याच्या जेवणात माल-जा मावशीनं वाटीभर ओतली. मी अर्धी प्यायले, पाच मिनिटांत कान तापले आणि सगळं अंग सैल झालं. क्योंगिम, बावन्न वर्षांत पहिल्यांदा थोडक्यात माझं भागलं. आयुष्यभर मला कशानंच पुरेसं वाटलं नव्हतं आणि हे अर्ध्या वाटीत झालं. मला ते आवडलं. फार आवडलं.

जूनपासून रोज. आधी संध्याकाळी, मग दुपारी जेवणाऐवजी. बाटली किमचीच्या फ्रीजमध्ये, मुळ्याच्या डब्यामागे. बार्लीच्या चहाची मोठी बाटली असते ना, तीच. चहात सोजूची दारू मिसळली की रंग बदलत नाही. झाकण उघडेपर्यंत कुणाला कळत नाही.

चुसोकच्या सकाळी पाचला उठून घारगे तळले तेव्हा त्या बाटलीतून घेतली. किती ते माहीत नाही, मापाशिवाय घेत होते. मग पितरांचे पेले. दोन नव्हे, तीन. आजोबांचाही मीच संपवला. आणि मला काही झालेलं नाही असं वाटत होतं, कारण मी जुन्या पोटाच्या हिशेबानं चालले होते. चक्कर आली नव्हती. रस्ता वळला हे मला उशिरा दिसलं.

तू विचारलंस तेव्हा मी "नाही" म्हणाले. पितरांची दारूत धरत नाहीत, हे मी पोलिसाला सांगितलं आणि तुलाही सांगितलं. बाटलीबद्दल मात्र तुला काहीच माहीत नव्हतं. ते आज सांगितलं.

बाबांचं यकृत कशानं गेलं हे आपल्याला माहीत आहे. वर्षातून दोनदा आपण त्यांच्यापुढे तीच ओततो आणि मग उरलेली मी पिते, आणि म्हणते आशीर्वाद आहे. हे मला आज लिहिताना सुचलं. आधी सुचायला हवं होतं.

ताई

* * *

तोंगयोंग, २ मार्च २०२५

क्योंगिम,

तुझा नवरा आला होता. मासळीबाजारात काम होतं म्हणाला. चिन्जूहून मासळी घ्यायला कुणी तोंगयोंगला येत नाही. गाजराची पिशवी दिली, बसला, पायमोज्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमचं जानेवारीचं पत्र तिनं मला वाचायला दिलं. त्यात एक चूक आहे. बाटली तिनं त्याच दिवशी सकाळी पाहिली होती."

मी म्हटलं, "कोणती बाटली?" तोंडाला जुनी सवय.

"तुम्ही घारगे तळत होता. तिला तहान लागली म्हणून तिनं फ्रीजमधून चहा काढला, झाकण उघडलं. वास आला. तिनं परत झाकण लावलं, जिथे होती तिथे ठेवली."

"मग ती गाडीत का बसली?"

तो म्हणाला, "तेच मी तिला विचारलं. ती म्हणाली, मी ताईला विचारलं होतं. ताई नाही म्हणाली."

तो गेल्यावर मी गाजरं धुतली. सगळी, पिशवीभर. मग कापली. माझ्या पोटात तीन तुकडे जातात हे माहीत असूनही सगळी कापली.

तुझ्या नाकाला वास आला होता आणि तू माझ्या शब्दावर गाडीत बसलीस. क्योंगिम, हे मी पाच महिने उलटं लिहीत होते. मला वाटत होतं तू फसलीस म्हणून रागावली आहेस. तू फसली नव्हतीस. तू मला एक संधी दिली होतीस, आणि त्या संधीत स्वतः बसलीस. मला तुझी लाज वाटली. म्हणजे तुझ्यापुढे माझी लाज वाटली. वाक्य नीट येत नाही, तुला कळेल.

आता कामाचं सांगते. नगरपालिकेच्या व्यसनमुक्ती केंद्रात दर मंगळवारी जाते. मालकीणबाईंनी अट घातली होती: कागद आणलास तर सुरी परत. तिथे एक बस चालवणारे गृहस्थ आहेत, त्यांचंही पोट माझ्यासारखंच शिवलेलं. ते म्हणतात, "पूर्वी आम्ही बोकडासारखे खायचो, आता चिमणीसारखे पितो, आणि चिमणीच्या अंगाला तेवढीच पुरते." गोळी घेते. बाटली धुतली, त्यात आता चहाच आहे. फ्रीजच्या दारात ठेवते, मुळ्यामागे नाही.

तेवीस फेब्रुवारीला घेतली. अर्धी वाटी, शेडमागे, कुणी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणून सांगते. त्या आधी एक्केचाळीस दिवस नव्हती, त्यानंतर आज सात.

आईचं श्राद्ध तू तुझ्याकडे ने. मी पितळी पेले घासून, फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत. चौरंग बसमध्ये बसत नाही, तुझ्या नवऱ्याला गाडी घेऊन पाठव. हे मी रुसून लिहीत नाही. ज्या हातात पेला स्थिर राहत नाही त्या हातात तो असू नये.

फक्त एक मागणं आहे. मला बोलाव. मागे बसेन.

ताई

* * *

तोंगयोंग, १० एप्रिल २०२५

क्योंगिम,

काल तू घरी पोचल्याचा निरोप आला. फोनवर आला. नंबर मोकळा केलास. तरी हे पत्रानंच लिहिते, कारण काही गोष्टी मला आता तोंडानं नीट येत नाहीत आणि हाताला सवय झाली आहे.

तू चौरंग न्यायला गाडी पाठवशील असं मला वाटलं होतं. श्राद्धाच्या दिवशी दुपारी तू स्वतःच दारात उभी राहिलीस, हातात पेअरची पेटी, आणि म्हणालीस, "घारग्यांचं पीठ भिजवलंस का?" मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "मग काय माझी वाट बघत होतीस?" मी हो म्हटलं नाही, पण बघत होते. सकाळपासून.

काका चिडले ते तू ऐकलंसच. मी पेल्यांत पाणी ओतलं तेव्हा काठी आपटून म्हणाले, "मेलेल्यांना पाणी पाजतेस? तुझा बाप उठून बसेल." मी म्हटलं, "काका, त्यांना आयुष्यभर कुणी पाणी दिलं नाही. एकदा बघू तरी देऊन." तू हसलीस. सात महिन्यांनी हसलीस, आणि तेही श्राद्धात. काका पुटपुटत राहिले, पण पेला त्यांच्यापुढे केला तेव्हा पुरा प्यायले आणि म्हणाले, थंड आहे. डॉक्टरनं बंद केल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आईच्या श्राद्धाचा पेला मिळाला, हे माझ्या लक्षात नंतर आलं.

तुझं मनगट अजून पूर्ण वळत नाही. तू पेअर सोलताना साल तुटत होती. पूर्वी तुझी साल एका लांब पट्टीत निघायची. ते मी बघितलं आणि तू बघितलंस की मी बघितलं. मला क्षमा कर म्हणायचं होतं, तेव्हा नाही जमलं. इथे लिहिते. मला क्षमा कर.

आणि आणखी एक गोष्ट मी बघितली, ती तुला माहीत नाही.

पूजेच्या आधी तू फ्रीज उघडलास. मी ओट्यापाशी मासे पुसत होते, पाठ तुझ्याकडे होती, पण कपाटाच्या काचेत सगळं दिसतं. तू दारातली चहाची बाटली काढलीस. झाकण उघडलंस. थांबलीस. मग नाकाजवळ नेलीस, एकदा, मग पुन्हा एकदा. मग पेलाभर ओतून प्यायलीस, आणि एक माझ्यासाठी ओतून ओट्यावर ठेवलास.

मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. गेल्या वेळी तू वास घेतलास आणि तरी माझं ऐकलंस. माझं ऐकू नकोस, क्योंगिम. दर वेळी आलीस की आधी झाकण उघड. मी बाटली दारातच, पुढच्या खणात ठेवते.

ताई